सरकते मार्ग : प्रकार, उपयोग आणि रुग्णालयाची गरज

(रुग्णालयाच्या वर्धापनदिन समारंभात इमारत समितीचे निमंत्रित सल्लागार व निवृत्त यंत्र-अभियंता यांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वर्धापनदिनी या व्यासपीठावरून वैद्यकशास्त्रातील एखाद्या तज्ज्ञाचे विचार ऐकण्याची आपणांस सवय आहे. यंदा विश्वस्तांनी एका यंत्र-अभियंत्याला पाचारण केले, त्याला तसेच कारण आहे. जुन्या इमारतीतील बाह्यरुग्ण विभाग आणि मागील आवारात उभी राहत असलेली तपासणी विभागाची नवी इमारत यांना जोडणारा सुमारे सत्तर मीटर लांबीचा मार्ग आपणांस बांधावयाचा आहे. विमानतळावर असतो तसा सरकता मार्ग तेथे बसवावा आणि त्याचा सर्व खर्च आम्ही उचलू, अशी इच्छा रुग्णालयाच्या एका जुन्या देणगीदार कुटुंबाने व्यक्त केली आहे. त्यांच्या मातोश्रींना अखेरच्या आजारपणात एका विभागातून दुसऱ्या विभागात जाताना जे कष्ट झाले, ते इतर कोणाच्या आईला होऊ नयेत, ही भावना या देणगीमागे आहे. असा मार्ग बसवावा किंवा कसे, आणि बसवायचा तर कोणत्या प्रकारचा, हे इमारत समितीने मला विचारले. समितीला मी लेखी उत्तर दिलेच आहे. परंतु हा पैसा आणि हे रुग्णालय आपणां सर्वांचे आहे, तेव्हा त्या उत्तरामागील विचार आपल्यासमोर उघडपणे मांडावा, असे अध्यक्षांनी सुचविले.

सरकता जिना आता आपल्या परिचयाचा झाला आहे. त्याच्या पायऱ्या काढून तो जमिनीवर आडवा अंथरला, तर जे होईल त्याला सरकता मार्ग म्हणावे, इतकी ढोबळ कल्पना प्रारंभी पुरेशी आहे. ट्रॅव्हलेटर या नावानेही तो ओळखला जातो. मुंबईच्या विमानतळावरील २०१४ साली सुरू झालेल्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये किंवा दिल्लीच्या २०१० सालच्या तिसऱ्या टर्मिनलमध्ये आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल.

या यंत्राविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे, तो आधी दूर करतो. सरकता मार्ग वेगवान नसतो. बहुतेक ठिकाणी त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर किंवा त्याहून किंचित अधिक ठेवतात. युरोपात पाळले जाणारे ईएन ११५ हे मानक सामान्यतः सेकंदाला ०.७५ मीटरपर्यंतच वेग मान्य करते. काही जादा अटी पाळल्या तर ०.९० मीटरपर्यंत. सेकंदाला अर्धा मीटर म्हणजे ताशी अवघे १.८ किलोमीटर. निरोगी माणूस सहज चालीने सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. म्हणजे सरकत्या मार्गावर स्वस्थ उभा असलेला प्रवासी आणि शेजारच्या फरशीवरून चालणारा प्रवासी एकाच वेळी निघाले, तर फरशीवरचा केव्हाच पुढे जातो. मग सरकत्या मार्गावर चालावे, असे कोणी म्हणेल. तेथेही मौज आहे. मनोज श्रीनिवासन या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, अशा मार्गावर पाऊल ठेवताच माणूस नकळत आपली चाल मंदावतो आणि अपेक्षित वेळेची बचत बरीचशी तेथेच विरून जाते. वेळ वाचविणे हे या यंत्राचे खरे काम नव्हे. ते पाय वाचविते. कोणाचे पाय, हा प्रश्न रुग्णालयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

सरकत्या मार्गाचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्यात शिरण्याचे कारण असे की, या यंत्राची एकमेव मोठी अडचण पहिल्या दिवसापासून तीच आहे: स्थिर जमिनीवरून चालत्या जमिनीवर पाऊल कसे टाकायचे आणि पलीकडे पुन्हा स्थिर जमिनीवर कसे यायचे. मधला भाग सोपा असतो, कारण तेथे प्रवासी नुसता उभा असतो. कसोटी दोन टोकांना लागते. आज जे निरनिराळे प्रकार दिसतात, त्यांतील बरेचसे या एकाच प्रश्नाला दिलेली निरनिराळी उत्तरे आहेत.

पहिला सरकता मार्ग १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात, सरोवरात शिरलेल्या लांब धक्क्यावर चालविण्यात आला. त्याच्या एका भागात प्रवाशांना बसण्याची सोय होती, तर दुसऱ्यात उभे राहता किंवा चालता येत असे. परंतु खरी कीर्ती मिळाली ती पॅरिसमधील १९०० सालच्या प्रदर्शनातील मार्गाला. सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचे हे वर्तुळ खांबांवर उंच उभारले होते. त्यात शेजारी शेजारी तीन पट्टे होते: एक स्थिर, दुसरा ताशी सुमारे चार किलोमीटर वेगाचा आणि तिसरा सुमारे आठ किलोमीटर वेगाचा. स्थिर पट्ट्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे टप्प्याटप्प्याने जायचे. आधारासाठी गोल मुठीचे दांडे रोवले होते. या रचनेतील हुशारी पाहा. प्रत्येक पायरीला वेगातील फरक चार किलोमीटरचाच, म्हणजे माणसाच्या रोजच्या चालीएवढा. पॅरिसच्या अभियंत्यांनी टोकांचा प्रश्न असा विभागून टाकला. त्या काळचे चलच्चित्रपटही उपलब्ध आहेत; त्यांत टोप्या घातलेले गृहस्थ आणि पायघोळ झग्यांतील स्त्रिया एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जाताना दिसतात, कोणी डौलात, तर कोणी तोल सावरत. प्रदर्शन संपले आणि हा मार्गही उखडण्यात आला. एवढी रुंद जागा व्यापणारी रचना रोजच्या वापरात परवडण्यासारखी नव्हती.

त्यानंतर अर्धशतक लोटले. मधल्या काळात खाणी आणि कारखाने यांतून कोळसा व खडी वाहून नेणारे रबरी पट्टे सर्वत्र आले होते. तोच पट्टा अधिक सपाट आणि अधिक स्थिर करून त्यावर माणसे उभी केली, की सरकत्या मार्गाचा पहिला आधुनिक प्रकार तयार होतो. अमेरिकेतील जर्सी सिटी येथील रेल्वे स्थानकात १९५४ साली गुडइयर या रबर कंपनीच्या सहभागाने असा पट्टा बसविण्यात आला. लांबी सुमारे ८४ मीटर, चढ दहास एक आणि वेग ताशी २.४ किलोमीटर. पुढे काही वर्षांतच प्रवाशांच्या येण्याजाण्याचे स्वरूप बदलले आणि तो काढून टाकावा लागला. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरातील भुयारी वाहनतळापासून शहराच्या मध्यभागाकडे जाणारा २०७ मीटर लांबीचा रबरी मार्ग मात्र १९६१ साली सुरू होऊन तीस वर्षांहून अधिक काळ चालला आणि १९९४ साली तेथे नवा मार्ग बसविण्यात आला. जर्सी सिटीचा मार्ग थोडक्यात आटोपला आणि सिडनीचा टिकला, यात यंत्राचा दोष किंवा गुण फारसा नाही. सिडनीच्या वाहनतळातून निघणाऱ्या माणसाला दुसरीकडे जायचेच नव्हते.

रबरी पट्ट्याचा हा प्रकार आजही वापरात आहे. पायाखाली तो किंचित दबतो, आवाज कमी करतो. परंतु आज विमानतळांवर जे मार्ग दिसतात, ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे धातूच्या फळ्यांचे असतात. सरकत्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणेच ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादाच्या फळ्या साखळीला जोडलेल्या असतात. प्रत्येक फळीवर उभ्या खाचा असतात आणि टोकाला जेथे फळी जमिनीखाली जाते, तेथे फणीसारखी दातेरी पट्टी त्या खाचांत बसलेली असते. पायाखालची वस्तू यंत्रात ओढली जाण्यापूर्वी या फणीने ती वर उचलून द्यावी, अशी योजना आहे. साध्या दिसणाऱ्या या फणीला फार मोठी किंमत देऊन महत्त्व आले आहे. विमानतळावरील पहिला सरकता मार्ग १९५८ साली डॅलस येथे सुरू झाला. १९६० सालच्या पहिल्याच दिवशी तेथे कपडा अडकून दोन वर्षांच्या एका बालिकेचा मृत्यू झाला. आज फणीचा दाता तुटला, त्यात काही अडकले किंवा कठड्याच्या फटीत काही गेले, तर यंत्र आपोआप थांबते आणि दोन्ही टोकांना लाल कळ असते. थांबतानाही ते एकदम थांबत नाही. तसे झाले तर उभी माणसे कोसळतील. थोडे अंतर घेत ते थांबावे, असा दंडक आहे. हाताखालचा रबरी कठडा पायाखालच्या फळ्यांहून मागे पडता कामा नये, हाही नियमच आहे. कठडा मागे पडला, तर म्हाताऱ्या माणसाचा हात मागे ओढला जातो आणि पाय पुढे जातात. रोजच्या देखभालीत सर्वांत आधी दुर्लक्ष होते ते नेमके याच गोष्टीकडे.

आता तिरप्या मार्गांविषयी. मोठ्या दुकानांत सामानाच्या ढकलगाड्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेण्यासाठी ते वापरतात. त्या गाड्यांची चाके फळ्यांच्या खाचांत बसतील अशीच बनविलेली असतात, त्यामुळे गाडी चढावर आपोआप जखडली जाते. लंडनच्या बँक स्थानकात १९६० सालापासून असा तिरपा मार्ग पादचाऱ्यांसाठी चालतो. मानकांनी या तिरपेपणाची मर्यादा बारा अंश ठेवली आहे. हा आकडा कागदावर लहान दिसतो. प्रत्यक्षात बारा अंश म्हणजे पावणेपाच मीटर पुढे जाताना एक मीटर चढणे. चाकाच्या खुर्चीसाठी जो उतार सुरक्षित मानला जातो, तो बारा मीटरला एक मीटर. म्हणजे दुकानातील तिरपा मार्ग खुर्चीच्या उतारापेक्षा अडीचपट तीव्र असतो. वीज गेली आणि जनित्र सुरू होईपर्यंत तो थांबून राहिला, तर खाचा असलेल्या त्या घसरणीवर मध्येच अडकलेल्या रुग्णाची काय अवस्था होईल, याची कल्पना येथे बसलेल्या परिचारिका भगिनी माझ्यापेक्षा चांगली करू शकतील. नव्या इमारतीच्या तळमजल्याची पातळी जुनीपेक्षा थोडी उंच असल्याने तिरपा मार्ग सुचविण्यात आला होता. तो पर्याय मी समितीला पहिल्याच पानावर नाकारण्यास सांगितले आहे.

वेगवान सरकते मार्गही होऊन गेले. पॅरिसच्या मोंपार्नास भुयारी स्थानकातील एकशे ऐंशी मीटरच्या वाटेवर २००२ साली असा एक मार्ग सुरू झाला. प्रवेशाजवळ लहान रोलरांचा पट्टा होता. त्यावर दोन्ही पाय टेकवून, कठडा धरून, न चालता उभे राहायचे; रोलर प्रवाशाला हळूहळू वेग देत आणि मग मधला पट्टा त्याला ताशी सुमारे बारा किलोमीटर वेगाने नेई. पलीकडच्या टोकाला उलट क्रमाने वेग उतरविला जाई. धडधाकट माणसेही तेथे पडू लागली. वेग नऊ किलोमीटरवर आणला गेला, कोणी चढावे आणि कोणी चढू नये हे सांगायला माणसे उभी करावी लागली. अखेर २०११ साली तेथे साधा, मंद मार्ग बसला. टोरोंटोच्या विमानतळावर २००७ साली दुसरीच युक्ती योजली गेली: फळ्या एकमेकींत शिरलेल्या अवस्थेत प्रवासी ताशी दोन किलोमीटरवर चढतो, पुढे फळ्या एकमेकींपासून लांबत जातात आणि मधल्या भागात वेग सात किलोमीटरपर्यंत पोचतो. अभियंता म्हणून मला ही रचना अतिशय सुंदर वाटते. रुग्णालयात मात्र ती माझ्या डोळ्यांपुढे एक क्षणही उभी राहत नाही.

सरकत्या मार्गाचा एक निराळा उपयोग सांगण्याजोगा आहे. लंडनच्या टॉवरमधील राजमुकुटांसमोर आणि मेक्सिको शहरातील ग्वादालूपच्या मातेच्या मंदिरात असे छोटे मार्ग आहेत. ज्यांना पुढे जायचेच नाही, अशांना पुढे नेण्यासाठी ते बसविले आहेत. दर्शन घेता घेता गर्दी आपोआप पुढे सरकते, कोणाला ढकलावे लागत नाही. आपल्याकडील दर्शनरांगांत उभे राहिलेल्यांना या कल्पनेचे मोल पटकन कळेल.

छपराखालचे मार्ग आणि उघड्यावरचे मार्ग हा भेद आपल्या कामाचा आहे, कारण आपला जोडमार्ग दोन इमारतींमधल्या आवारातून जातो. उघड्यावरचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हाँगकाँगचे. डोंगराच्या पायथ्यापासून मधल्या वस्तीपर्यंत सुमारे आठशे मीटर लांबीची आणि एकशे पस्तीस मीटर चढाची सरकत्या जिन्यांची व तिरप्या मार्गांची मालिका तेथे १९९३ साली सुरू झाली. सकाळी सहा ते दहा ती उताराकडे चालते, कारण माणसे कामाला खाली जातात. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत ती चढाकडे चालते. स्पेनमधील व्हितोरिया-गास्तेइझ या जुन्या शहरातही चढाच्या गल्लीत सरकते मार्ग आहेत. दिल्लीत धौला कुआँ आणि दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस या दोन मेट्रो स्थानकांना जोडणाऱ्या सुमारे सव्वा किलोमीटरच्या पादचारी पुलावर २०१९ सालापासून बावीस सरकते मार्ग चालतात. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. त्यांना उघड्यावरचे म्हणतात, पण त्यांच्यावर छप्पर आहे. स्पेनमध्ये तर काचेचे आच्छादन आहे. पूर्णपणे आभाळाखाली सरकता मार्ग ठेवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते, परंतु त्यासाठी सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला लागतो, विजेची उपकरणे पाणी शिरणार नाही अशा पेट्यांत ठेवावी लागतात, खालच्या खड्ड्यात साचणारे पाणी उपसण्याची सोय लागते आणि त्या पाण्यातून साखळीचे वंगण वेगळे करून मगच पाणी गटारात सोडावे लागते. थंड देशांत फणीखाली तापक बसवितात. आपल्याकडे बर्फ नाही, पण उन्हात काळा रबरी कठडा इतका तापतो की हात ठेवणे कठीण होते, आणि पहिल्या पावसात झाडांचा पाचोळा, चिखल व फुले थेट खाचांत जातात. समुद्रकाठच्या गावी खारी हवा याहून जास्त नुकसान करते. आपल्या आवारातील बुचाच्या झाडाखाली जून महिन्यात सकाळी किती फुले पडलेली असतात, हे सफाई करणाऱ्या मावशींना विचारावे.

समजा, छप्पर घातले, भिंती घातल्या, खर्चही मिळाला. तरीही मूळ प्रश्न उरतोच. आपल्याकडे त्या सत्तर मीटरवरून कोण जाणार आहे? खुर्चीवरचे रुग्ण, ढकलखाटावरचे रुग्ण, सलाईनची बाटली लावलेली उभी सळई हातात धरून चालणारे रुग्ण, गुडघे दुखणारी आजी आणि तिचा हात धरलेली सून, धाप लागणारे आजोबा, काखेत कुबड्या असलेला मुलगा, फाइल घेऊन धावणारे नातेवाईक. सरकता मार्ग यांतील कोणाच्या उपयोगी पडेल, हे एकेकाला डोळ्यांपुढे आणून पाहा. ढकलखाट त्यावर नेताच येत नाही. मीटरभर रुंदीच्या मार्गावर ढकलखाट उभा राहिला, तर बाजूला परिचारिकेला जागा उरत नाही आणि टोकाला पुढची चाके थांबली तरी मागची सरकत राहतात. खुर्चीचे तसेच. काही विमानतळांवर सोबत्यासह खुर्ची आडव्या मार्गावरून नेलेली दिसते; परंतु खुर्चीचा अधिकृत मार्ग म्हणून त्याची गणना होत नाही, तो शेजारी वेगळा ठेवावाच लागतो. सलाईनची सळई बारीक चाकांची असते. धावणाऱ्या नातेवाइकाला मार्ग मंद वाटतो.

राहिले आजी आणि आजोबा. हे चालू शकतात, पण थकतात. वरवर पाहता सरकता मार्ग यांच्यासाठीच आहे आणि देणगीदार कुटुंबाच्या मनातही हेच आहेत. नेमकी येथेच दोन टोके आडवी येतात. विमानतळावर सरकत्या मार्गाच्या तोंडाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. तरुण माणूस न थांबता चढतो. वयस्कर माणूस थबकतो, खाली पाहतो, एक पाय पुढे करून मागे घेतो आणि मागून येणाऱ्यांच्या दबावाने अखेर चढतो. उतरताना त्याला पुढचे टोक उशिरा दिसते. ज्यांची नजर मंद आहे, ज्यांना चक्कर येते, ज्यांच्या पायांना मधुमेहामुळे जमीन नीट जाणवत नाही, त्यांच्यासाठी हे पाऊल सत्तर मीटर चालण्यापेक्षा अवघड आहे. त्यांत आपल्याकडची साडी, धोतर आणि मऊ रबरी चप्पल. अशा मऊ पादत्राणांबाबत उत्पादक स्वतःच सावधगिरीची सूचना लावतात. म्हणजे ज्यांना यंत्राची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच यंत्र वापरणे सर्वांत कठीण.

स्वच्छतेचा मुद्दा डॉक्टर मंडळींनी माझ्याआधी मांडला होता, म्हणून त्यावर वेळ घेत नाही. फरशी दिवसातून तीनदा ओल्या फडक्याने पुसता येते. खाचांच्या फळ्या तशा पुसता येत नाहीत. शेकडो हातांचा स्पर्श झालेला कठडा खालून फिरून पुन्हा वर येत राहतो.

मग काय करावे? आडवा, छपरासह, दोन्ही बाजूंना भक्कम कठडा असलेला आणि अडीच मीटरपेक्षा कमी नसलेल्या रुंदीचा साधा जोडमार्ग बांधावा. पातळीतील फरक बारास एक या उताराने, मध्ये सपाट टप्पे ठेवून भरून काढावा. दर वीस-पंचवीस पावलांवर भिंतीलगत बाक असावा. बाक गुडघ्याच्या उंचीचा आणि हात टेकवता येईल असा. दारे ढकलखाट न वळवता जाईल एवढी रुंद असावीत. आणि चाकाच्या खुर्च्या व त्या ढकलणारी माणसे असावीत. या शेवटच्या गोष्टीवर मी भर देतो, कारण आपल्याकडील खरी उणीव तीच आहे. खुर्ची ढकलणारा सेवक सत्तर मीटर सव्वा मिनिटात पार करतो. सरकता मार्ग अर्ध्या मीटरच्या वेगाने तेच अंतर कापायला दोन मिनिटे वीस सेकंद घेतो. शिवाय सेवक रुग्णाला केवळ पलीकडच्या टोकापर्यंत नेऊन सोडत नाही. तो त्याला सोनोग्राफीच्या दारापर्यंत नेतो, नाव सांगतो, पाणी देतो आणि काम झाले की परत आणतो.

याला अर्थातच उत्तर आहे आणि ते मी इमारत समितीच्या बैठकीत ऐकले. यंत्र एकदा घेतले की झाले, माणसांना दरमहा पगार लागतो. हे अर्धेच खरे आहे. सरकत्या मार्गालाही देखभालीचा वार्षिक करार लागतो, सुटे भाग लागतात, वीज लागते आणि तो बंद पडला की दुरुस्त करणारा माणूस बाहेरगावाहून यावा लागतो. बंद पडलेला सरकता मार्ग मोकळ्या फरशीपेक्षा वाईट असतो, कारण तो वाट अडवून बसतो. परंतु उरलेले अर्धे खरे आहे, हेही मान्य केले पाहिजे. धर्मादाय संस्थांना वस्तूसाठी देणगी सहज मिळते, पगारासाठी मिळत नाही. वस्तूवर नावाची पाटी लावता येते. चाकाच्या खुर्चीच्या पाठीवर पाटीला जागा कमी असते आणि ती ढकलणाऱ्या सेवकाच्या सदऱ्यावर कोणी आईचे नाव लिहीत नाही. यावर विश्वस्तांपुढे मी असे सुचविले आहे की, यंत्राच्या किमतीएवढी रक्कम कायम निधी म्हणून ठेवावी, तिच्या व्याजातून रुग्णवाहक सेवकांची एक तुकडी सांभाळावी आणि जोडमार्गाला मातोश्रींचे नाव द्यावे. निधीचा हिशेब दरवर्षी याच अहवालात स्वतंत्र पानावर छापावा, म्हणजे देणगीदारांना आणि आपणांस तो पाहता येईल.

सरकता मार्ग रुग्णालयात कधीच नसावा, असा माझा आग्रह नाही. जेथे अंतर काही शे मीटरांचे आहे, येणारे लोक मुख्यतः भेटीस येणारे नातेवाईक आहेत आणि खुर्च्या व ढकलखाट यांची वाट पूर्णपणे वेगळी ठेवता येते, अशा मोठ्या आवारात छपराखालचा, आडवा, फळ्यांचा मार्ग उपयोगी पडेल. तेथे दोन्ही दिशांना वेगवेगळे पट्टे असावेत, वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून अधिक नसावा आणि प्रवेशापूर्वी फरशीचा रंग व पोत बदललेला असावा, म्हणजे मंद नजरेच्या माणसालाही टोक कळते. आपले आवार तसे नाही. उद्या तपासणी विभागातील एखादे यंत्र दुसऱ्या मजल्यावर गेले की रुग्णांची वाट बदलेल, आणि बसविलेला मार्ग तेथेच राहील. जर्सी सिटीला तेच झाले होते.

हे सर्व मी देणगीदार कुटुंबासमोरही मांडले आहे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि काही प्रश्न विचारले. त्यांतील एकाला मी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही: सेवकांची तुकडी आज ठेवली, पण वीस वर्षांनी व्याजाचे दर घसरले तर काय, असे त्यांच्या कन्येने विचारले. हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नाही, पण रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कोषाध्यक्षांनी द्यावयाचे आहे. कुटुंबाचा निर्णय अद्याप झालेला नाही. तो त्यांनी कोणत्याही दडपणाविना घ्यावा, अशीच सर्वांची इच्छा आहे.

वेळेची मर्यादा मात्र आहे. पाऊस ओसरताच जोडमार्गाच्या फरशीचे काम सुरू होईल. सरकता मार्ग घ्यायचा असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांना सुमारे मीटरभर खोल खड्डा आणि मधल्या लांबीत उथळ चर काँक्रीट घालण्यापूर्वीच नकाशात दाखवावा लागतो. काही नव्या रचनांना खोली कमी पुरते, पण नंतर फरशी फोडून ती मिळविणे फार खर्चाचे होते. खड्डा ठेवायचा की नाही, एवढे एकच उत्तर वास्तुशिल्पकारांना गणेशोत्सवापूर्वी हवे आहे. कुटुंबातील ज्येष्ठ बंधू आज आपल्यात उपस्थित आहेत. चहापानानंतर ते आणि मी जुन्या इमारतीपासून नव्या इमारतीच्या पायापर्यंतचे ते अंतर एकदा चालून पाहणार आहोत, जाताना पायी आणि परत येताना त्यांच्या इच्छेप्रमाणे बाह्यरुग्ण विभागातील चाकाच्या खुर्चीतून. ज्यांना सोबत यावयाचे असेल, त्यांनी जरूर यावे.